विमानाचा कौल

राहीने कौल विमानावर लावला हे ऐकून कॅप्टन रघुनाथ शिवलकरला आधी हसूच आलं. कौल देवीला लावायचा असतो. गावच्या देवळात गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, विचारणारा हात जोडून समोर उभा राहतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मुलीचं लग्न असो, विहीर खणायची असो, नाहीतर बिऱ्हाड मुंबईला न्यायचं असो, पावस गावातल्या घरांतून देवीला विचारल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नाही. आता विचारणाऱ्यांतही इरसाल असतातच. ज्यांना होयच हवं असतं ते गुरवाला आदल्या दिवशी गाठून ठेवतात, म्हणजे उजवी पाकळी जरा सैल बसते. देवीला हे कळत नसेल असं नाही, पण ती बिचारी कधी बोलून दाखवत नाही.

राहीने तेच केलं. फक्त गुरवाला मध्ये घेतलं नाही. विमानतळाच्या तारेच्या कुंपणापलीकडे उभी राहून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती नवऱ्याला म्हणाली, "येत्या गुरवारी मी ब्याग घेऊन येतंय. तुमचं विमान उतरलं तर त्यातच बसेन. नाय उतरलं तर माझं जानं देवीला मंजूर नाय, असं समजेन."

"अगो, पण विमान उतरतंच की!"

"म्हनूनच तर," ती म्हणाली, आणि हसू दिसू नये म्हणून तिने तोंड सड्याच्या उघड्या कातळाकडे वळवलं.

शहाऐंशी सालचा एप्रिल होता. पाऊस नाही, धुकं नाही. वारा म्हणाल तर समुद्रावरून येणारा रोजचाच. अशा दिवसांत मिरजोळ्याच्या सड्यावरच्या त्या धावपट्टीवर विमान न उतरायला काय झालंय? उजवी पाकळी कशी चिकटवायची ते राहीला बरोबर ठाऊक होतं. चार वर्षं माहेरी राहिलेल्या बाईला परत जायला काहीतरी निमित्त लागतं, आणि ते निमित्त आपण होऊन घेतलंय असं दिसूही द्यायचं नसतं.

या दोघांत चुकलं कोण असं विचाराल तर कोणीच नाही, आणि हीच तर पंचाईत होती. रघुनाथ भाट्याचा. बाप सखाराम तांडेल, खाडीच्या तोंडाशी होडी घालणारा. तांडेलाचा मुलगा विमान चालवायला लागला तेव्हा भाट्यात कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. राही पावसची, आंब्याच्या बागेतली. लग्न झालं, मुंबईत सांताक्रूझला जागा घेतली, सगळं रीतीने झालं. पण रघुनाथ होता कर्तव्याचा मोठा पक्का. दिवाळीला कोणाची बायको आजारी असली की त्याच्या जागी हा जाणार. पाडव्याला कोणी रजेवर गेला की याची रजा रद्द. दर वेळी कारण असं बिनतोड की राहीला रागवायलाही जागा राहायची नाही. शेवटी तिचे वडील वारले त्या दिवशी हा कलकत्त्याला निघाला होता. विमानात माणसं बसलेली, बदली वैमानिक नाही. तो गेला. पावसला पोचला तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. कोणी त्याला एका शब्दाने बोललं नाही. राहीही नाही.

ती बाराव्यापर्यंत थांबते म्हणाली. बारावं झालं, तर आंबे उतरायचे होते. आंबे उतरले, तर पाऊस तोंडावर आला. पाऊस सरला तेव्हा तिच्या आईचे, गोदूबाईंचे, गुडघे धरले. एकामागून एक कारणं निघत गेली आणि रघुनाथ प्रत्येकाला "बरोबर आहे" म्हणत गेला. बायको भांडून गेली असती तर मनवून आणता आली असती. न भांडता राहिलेल्या बायकोला काय म्हणून परत बोलवायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

मग त्याने आयुष्यातला पहिला अविचार केला. लहान गावांना विमानाने जोडणारी एक कंपनी नवीन निघाली होती. मोठ्या जेट विमानांचा कॅप्टन तिथे जाऊन पंख्यांच्या छोट्या विमानावर बसला. बरोबरीचे लोक म्हणाले, याचं डोकं फिरलं. पण कंपनीचं विमान गुरुवारी आणि शनिवारी दिवस कलल्यावर रत्नागिरीला उतरायचं, अर्धा तासही थांबायचं नाही, आणि उजेड आहे तोवर परत निघायचं. त्या अर्ध्या तासासाठी त्याने बाकीचं सगळं सोडलं होतं. पहिले काही महिने राहीने दादू रिक्षावाल्याबरोबर नुसता जेवणाचा डबा पाठवला. एका शनिवारी ती स्वतःच आली. दादूची रिक्षा मोडलीय म्हणून आले, म्हणाली. पुढच्या आठवड्यात रिक्षा दुरुस्त झाली, तर त्याच रिक्षात बसून आली.

कुंपणाच्या अलीकडे तो, पलीकडे ती. बोलणं काय, तर मोहोर गळतोय, आईच्या गुडघ्याला तेल चोळते, तुमच्या तिकडच्या नळाला पाणी येतं का. परत येण्याचा विषय दोघेही टाळायचे. मग तो मुंबईला जाऊन एकटा टेबलाशी बसायचा आणि तांदळाची भाकरी, मुडदुशा माशांचं तिखलं असं तिच्या हातचं खाऊन, डबा घासून पालथा घालायचा. त्याला तिची आठवण यायची असं म्हणणं कमीच. आठवण यायला आधी विसर पडावा लागतो. जेवताना, बूट घालताना, विमानाचं चाक जमिनीवरून सुटताना त्याला ती हवी असायची, आणि हे तिला सांगायची हिंमत कुंपणाशी कधी व्हायची नाही. म्हणून तो कौल ऐकल्यापासून रघुनाथचे पाय जमिनीवर नव्हते. बुधवारी त्याने घरातले पडदे धुतले. परतीच्या विमानात खिडकीजवळची एक जागा राखून ठेवली.

गुरुवारी मुंबईहून निघताना विमान भरलेलं होतं. शेजारी सहवैमानिक महिपत चाळके, गुहागर बाजूचा तरुण पोरगा, बोलायला उत्सुक. दाभोळची खाडी खाली दिसू लागली तसा तो म्हणाला, "सर, वाचलंत का? अमेरिकेत एक यंत्र तयार करतायत. दुसरं विमान अंगावर यायला लागलं की ते आपणहून बोलतं. वर जा, नाहीतर खाली जा. आणि समोरच्याच्या यंत्राला बरोबर उलटं सांगतं. म्हणजे दोघं एकाच दिशेला जाण्याचा प्रश्नच नाही."

"आणि वैमानिकाने ऐकलं नाही तर?"

महिपत हसला. "कोण नाही ऐकणार, सर? जिवावर उदार झालेलाच."

रघुनाथही हसला. त्याचं लक्ष यंत्रात नव्हतं. जयगड मागे गेलं, मग गणपतीपुळ्याची पुळण, मग रत्नागिरीचा दीपस्तंभ. त्याने समुद्रावरूनच उंची उतरवायला सुरुवात केली. भाट्याच्या सुरूंच्या बनावरून विमान आत वळलं, पावसच्या अंगाने वळसा घेऊन वाऱ्याला तोंड करून सड्यासमोर आलं. लांब तपकिरी कातळ, त्यावर काळी पट्टी, आणि पट्टीच्या कडेला कुंपण. कुंपणाशी त्याला एक पिवळा ठिपका दिसला. ठिपक्याशेजारी जमिनीवर आणखी एक, काळपट. इतक्या लांबून काय कळणार? पण ती बॅगच, असं त्याने ठरवूनसुद्धा टाकलं.

विमानतळावर काचेची एक खोली होती आणि त्या खोलीत रेडिओवर लवू मयेकर. लवू रघुनाथच्याच वर्गातला. दोघं खाडीत बरोबर डुंबलेले, पण रेडिओवर इंग्रजीशिवाय बोलायचे नाहीत, आणि एकमेकांना 'सर' म्हणायचे. त्या दिवशीही लवूने उतरायची परवानगी इंग्रजीतच दिली. आणि पट्टी जवळ येत असताना त्याच इंग्रजीत, फक्त जरा घाईने म्हणाला की तुमच्या उजव्या अंगाला, खालून, एक अनोळखी विमान वर चढतंय, रेडिओवर उत्तर देत नाही. उतरणं थांबवा. वर जा.

रघुनाथने ऐकलं. शब्द न् शब्द कळला. अशा वेळी काय करायचं ते त्याने कितीतरी तरुणांना स्वतः शिकवलेलं होतं. विचार करायचा नाही, शोधत बसायचं नाही, आधी सांगितल्या दिशेला जायचं आणि मग बघायचं. पण हात हलला नाही. विमान खालीच येत राहिलं.

त्या एका श्वासात त्याच्या मनात काय आलं ते ऐकलं तर कोणालाही वेड्यासारखं वाटेल. त्याच्या मनात भाट्याची खाडी आली. खाडीच्या तोंडाशी वाट अरुंद. तिथे भरून घरी येणारी होडी दिसली की बाहेर निघालेल्याने कडेला थांबायचं, अशी रीत. बाहेर जाणाऱ्याला घाई नसते, घरी येणाऱ्याची वाट बघणारं माणूस असतं. सखाराम तांडेल येताना कधी कोणासाठी थांबला नाही. त्याला कधी थांबावंच लागलं नाही. आणि तांडेलाच्या मुलाने, इतकी वर्षं आकाशात काढलेल्या कॅप्टनने, शुद्धीवर असताना ठरवलं की मी घरी येतोय, तो बाजूला होईल. पण आकाशाला भाट्याची रीत ठाऊक नव्हती, आणि पलीकडे चढणाऱ्यालाही नव्हती.

"रघ्या!" रेडिओत लवूचा आवाज फुटला. इंग्रजी कुठल्या कुठे गेलं होतं. "वर जा रे, वर! आपटशील मेल्या, वर!"

रघुनाथचा हात अजूनही तिथेच होता. महिपतने विचारलं नाही, 'सर' म्हटलं नाही. त्याने आपल्या पुढ्यातला दांडा दोन्ही हातांनी ओढला आणि इंजिनांना पुरा जोर दिला. विमानाचं नाक वर झालं, पट्टी काचेतून खाली घसरली, पाठीमागे बायका किंचाळल्या, कुणाच्या तरी पिशवीतले डबे गडगडत मागे गेले. आणि उजव्या खिडकीखालून एक पांढरं चिमुकलं विमान सरकत गेलं, इतकं जवळून, की त्यातल्या माणसाने कपाळावर चढवलेला गॉगल रघुनाथला दिसला. तो माणूस खाली कुठेतरी जमीन बघत होता. त्याने शेवटपर्यंत वर पाहिलं नाही.

"सर, तुम्ही घेता?" जरा वेळाने महिपतने विचारलं. त्याचे ओठ पांढरे झाले होते.

"तूच धर," रघुनाथ म्हणाला.

नंतर समजलं, की कुठल्याशा कारखान्याला जागा बघायला निघालेलं ते खाजगी विमान होतं, आणि त्याचा रेडिओ भलत्याच ठिकाणी लावलेला होता. पण हे नंतर. त्या वेळी ते विमान कुठे गेलं हे कोणालाच माहीत नव्हतं. ते सापडेपर्यंत तुम्हाला खाली घेता येत नाही, असं लवूने सांगितलं, परत इंग्रजीत, आणि बरोबरच सांगितलं. ते दर्यावर घिरट्या घालत राहिले. प्रत्येक वळशाला सूर्य आणखी खाली गेलेला असायचा. रत्नागिरीच्या पट्टीवर दिवे नव्हते. उजेड गेला की खेळ संपला, हे विमानातल्या तिघाचौघा नेहमीच्या प्रवाशांनाही ठाऊक होतं. रघुनाथ घड्याळाकडे बघत नव्हता, पाण्यावरच्या तांबूस पट्ट्याकडे बघत होता. तो मावळू नये म्हणून त्याने देवीला हात जोडायचेच बाकी ठेवले होते.

शेवटी लवू म्हणाला, ते विमान गोव्याकडे दिसलं आहे. रस्ता मोकळा आहे. पण मला आता पट्टीचं टोक दिसत नाही.

"मुंबई," रघुनाथ म्हणाला. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतंच. विमान उत्तरेला वळलं. खाली सड्यावर पिवळा ठिपका असेल, बॅग असेल, आणि राहीने वर बघून हे वळण पाहिलं असेल. तिने उजवी पाकळी एवढी सैल लावली होती, आणि ती त्याने आपल्या हाताने डावी केली, असंच तिला वाटणार.

मुंबईला उतरल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याचे दोन्ही हात धरले. "कॅप्टन, वेळेवर वर घेतलंत म्हणून आज आम्ही आहोत." रघुनाथने हात सोडवून घेतले. बाहेर पडताना महिपत दारापर्यंत त्याच्याबरोबर आला. मग म्हणाला, "सर, मी कोणाला काही बोलणार नाही."

"काय बोलणार नाहीस?"

"काहीच नाही, सर."

शुक्रवार कसा गेला ते त्याचं त्यालाच माहीत. शनिवारी निघायच्या आधी त्याने महिपतला सांगितलं, "आज उतरवायचं तू. मी नुसता बघेन." महिपतने मान हलवली. त्याने विमान अलगद उतरवलं, धक्कासुद्धा लागला नाही. शिडी लागली. कुंपणाशी राही उभी होती. हातात डबा नव्हता, पायाशी बॅग नव्हती. रघुनाथ चालत गेला आणि तारेच्या अलीकडे थांबला.

"लवूभावजींनी सांगितलं सगळं," ती म्हणाली. "दुसरं विमान आडवं आलं म्हने."

"आलं."

"तुम्ही बरोबरच केलंत." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "आतल्या मान्सांचा जीव बघायचा की माझा कौल? कोनीही हेच केलं असतं. मी घरी गेले. आये विचारते, आलीस ती परत? म्हटलं, देवी नको म्हनाली. मग रात्रभर मनात येत राहिलं, देवी कुठली? तेच गेले वर. त्यांना ठावक होतं मी खाली काय लावून उभी हाय ते. बाबांच्या वेळी पन तुम्ही बरोबरच केलं होतंत. तुमचं कधी चुकतच नाय हो. तुमच्या या बरोबरचं मी काय करू, ते तेवढं सांगा."

रघुनाथ गप्प राहिला असता तर सगळं होतं तसंच राहिलं असतं. तो कर्तव्याचा पक्का, ती समजूतदार, मध्ये कुंपण, आणि गुरुवार-शनिवार. आयुष्यभर तो अशा जागी गप्पच राहिला होता. पण आज ते खोटं पचेना.

"मी वर गेलो नाय, राही," तो म्हणाला. मुंबईची भाषा त्याच्या तोंडातून कधी गळून पडली त्याला कळलं नाही. "लवूने सांगितलं, वर जा. मी ऐकलं. आनि खालीच येत रायलो. तू दिसलीस मला. मला वाटलं, मी घरी येतोय, तो होईल बाजूला. महिपतने ओढलं म्हनून वाचलो. मी नाय ओढलं."

राहीने तार दोन्ही मुठींनी धरली. "आत मान्सं होती ना?"

"भरलेलं होतं."

"पोरंबाळं?"

"होती."

ती खाली बसली, तशीच, कुंपणाच्या पायथ्याशी जांभ्याच्या धोंड्यावर. तिने तोंडाला पदर लावला. चार वर्षं जी गोष्ट तिला हवी होती, की या माणसाने एकदा तरी माझ्यासाठी बाकीच्या जगाला विसरावं, ती तिला मिळाली होती, आणि ती हातात धरवत नव्हती. "मी देवीला फसवायला गेले," ती म्हणाली. "पडनारच होती ती पाकळी लावली आनि वर म्हटलं, तुझी इच्छा. तिने दाखवलं मला."

"तुझा काय गो दोष? हात माझा होता."

"हात तुमचा, पन मनात मी होते ना?" तिने वर बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "मी मनात असताना तुम्ही विमान चालवू नका. शप्पथ हाय माझी."

"मग कधीच चालवता यायचं नाय," रघुनाथ म्हणाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तो तिला कधी बोलला नव्हता. मागे सामान चढवत होते. कोणाची तरी आंब्याची पेटी वजनाला जास्त भरली म्हणून हुज्जत चालली होती.

मग त्याने राहिलेलं सांगितलं. आज परत गेलो की वरिष्ठांना जे झालं ते सांगणार आहे. या मार्गावर आता मला ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये. उडणं ठेवतील की नाही तेही माहीत नाही. ठेवलं नाही तर तरुण वैमानिकांना शिकवायला बसेन. इशारा आला की हात कसा हलायला हवा, ते. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी.

"म्हंजे गुरवारी?"

"दुसरा कोनीतरी येईल."

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिने विमानाकडे पाहिलं, मग फाटकाकडे. फाटक उघडंच होतं, आणि चार पावलांवर होतं.

"आज चल," रघुनाथ म्हणाला. "जागा हाय. कौल नको, काय नको. अशीच चल."

राही उठली. साडीला लागलेली तांबडी माती तिने झटकली, आणि फाटकाकडे एक पाऊल टाकलंही. मग ती थांबली.

"आज आले तर भ्यालेली येईन," ती म्हणाली. "तुम्ही बोललात त्याला भुलून, नायतर तुमच्या जिवाला भिऊन. घरी पोचल्यावर मला कळायचं नाय, मी कशाला आले ते. मी येईन ती माझ्या पायांनी येईन. एसटीत बसेन, दारात येऊन कडी वाजवेन. देवीला विचारनार नाय, विमानाला पन नाय."

"कवा?"

"ते नका विचारू," ती म्हणाली. "विचारलंत तर परत कायतरी कारन काढावं लागेल मला."

तिने तारेतून बोटं पुढे केली. त्याने ती आपल्या मुठीत धरली. तारेचा गंज दोघांच्या हाताला लागत होता. काचेच्या खोलीतून लवू हातवारे करत होता, वेळ होऊन गेली होती, आणि आजवर एकदाही उशीर न केलेला कॅप्टन शिवलकर तसाच उभा होता. बऱ्याच वेळाने राहीनेच हात काढून घेतला आणि म्हणाली, "जावा. मान्सं खोळंबलीत."

विमानात बसल्यावर तो महिपतला म्हणाला, "चढताना मी घेतो."

महिपतने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याने काय पाहिलं कोण जाणे, पण त्याने आपले हात मांडीवर घेतले, दांड्यापासून फार लांब नाही असे.

इंजिनं गरजली. पट्टी धावू लागली, चाकं सुटली. कुंपण महिपतच्या बाजूने जाणार हे रघुनाथला ठाऊक होतं. त्या एका क्षणासाठी तो इतके महिने जगत आला होता. मान वळवण्याइतकंच काम होतं. त्याने डोळे समोर ठेवले.

"सर, बाई हात करतायत," महिपत म्हणाला.

"तू कर," रघुनाथ म्हणाला. "मी चालवतोय."

महिपतने खिडकीच्या काचेला हात लावून हलवला, पोरं हलवतात तसा. विमान चढत होतं. समोर नुसता दर्या, आणि त्यावर खूप उजेड.

"दिसते अजून?"

"दिसतात, सर."

रघुनाथने उंचीच्या काट्यावरून नजर काढली नाही.

"आता?"

"आता नाही, सर."

"बरं," तो म्हणाला, आणि रेडिओ उघडून त्याने लवूला आपली उंची कळवली.